शीत म्हणजे गरम

चांदा जिल्ह्यात मूल नावाचं गाव आहे. तिथे स्टेशनाकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका खाणावळीच्या दारात लाकडी पाटी टांगलेली आहे, आणि त्या पाटीवरची अक्षरं माझी आहेत. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. आमचे गुरुजी माझी पाटी वर धरून साऱ्या वर्गाला दाखवत, ती अक्षर कसं नसावं हे कळावं म्हणून. तेव्हा माझ्या हातची पाटी लोकांनी थांबून वाचावी, आणि वाचून आत जेवायला शिरावं, ही गोष्ट मी पोटात ठेवीन असं होणार नाही. शिवाय आमच्या तेरेखोलच्या खाडीकाठून त्या मुलखात कोणी गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. म्हणून वाटेची हकीकतही लिहितो.

एटापल्लीहून निघालो

गाव सोडून मला वर्ष होऊन गेलं होतं. एटापल्लीच्या जंगलात एका ठेकेदाराच्या डेपोवर मी कामाला होतो. सागाचे ओंडके आले की मोजायचे आणि त्यांच्या तोंडावर डांबराने नंबर घालायचे. शिंदीच्या काडीचं टोक ठेचलं की झाला कुंचला. दिवसभर आकडे काढून काढून माझा हात इतका बसला होता की डोळे मिटून आठाचा आकडा गोल काढावा. पण अक्षर म्हटलं की हात कापे. आईला पत्र लिहायचं तर एक कागद फाडून झाल्याशिवाय दुसरा पुरा होत नसे. आणि मनात सदा धाकधूक. नंबर चुकला तर? ठेकेदाराने परत पाठवलं तर? घरी कोणत्या तोंडाने जाऊ?

निघताना आईने सोलांची, म्हणजे आमसुलांची, एक पत्र्याची डबी दिली होती. ती मी वर्षभर वापरली नव्हती. एक सोल काढलं तर एक कमी होईल, म्हणून फक्त झाकण उघडून वास घ्यायचा आणि बंद करायची.

एके दिवशी जंगलखात्याचा नाकेदार बोलता बोलता म्हणाला, "मूलला तुमच्या बाजूच्या एका माणसाची खाणावळ आहे. गोव्याचा आहे म्हणतात." त्यानंतर आठवडाभर माझं मोजणीत लक्ष नव्हतं. माघ महिन्यात ठेकेदाराने मलाच बोलावून सांगितलं, की करवतीची पाती नागपूरहून छोट्या गाडीने मूल स्टेशनवर येणार आहेत, ती घेऊन ये. मी देवाचे आणि ठेकेदाराचे एकदमच आभार मानले.

आलापल्लीपर्यंत पायवाट. सोबतीला डेपोवरचा लालसू होता, माडिया, माझ्याच वयाचा. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघे. वाटेत एका घरी त्याच्या बहिणीने पानाच्या द्रोणात जावा दिला, म्हणजे तांदळाची ऊन ऊन पेज. आमच्याकडे पेजेबरोबर खाराची कैरी लागते, इथे नुसतं मीठ. पण त्या सकाळी ती पेज घशाखाली उतरली आणि मी त्या बाईला हात जोडले. ती हसून आत पळाली.

"तुझ्या गावात काय खाते?" लालसूने विचारलं. त्याच्या मराठीत अहो-जाहो नाही, सगळे सारखे.

"शीत आणि माशाची कडी."

"शीत?"

मी हाताने भाताचा घास करून दाखवला.

"आं! गाटो!" तो खूष झाला. मग आलापल्ली येईपर्यंत तो "शीत, शीत" असं घोकत चालला. भाताला आपला सोडून दुसरा शब्द असू शकतो याची त्याला गंमत वाटली. मला वाटली नाही. वाटायला हवी होती, हे पुढे कळेल.

वैनगंगा ओलांडताना

चामोर्शीपर्यंत लाकडाच्या ट्रकवर गेलो. तिथून किसनभाऊंची बैलगाडी मिळाली. ते मूलच्या गिरणीत धान भरडायला नेत होते. मी धानाच्या पोत्यांवर बसलो. वैनगंगेला पाणी गुडघ्याइतकंच होतं, पण वाळू एवढी की आमची अख्खी खाडी तीत मावावी. पलीकडे कापणी झालेली धानाची शेतं आणि दर गावाला एक तलाव. तलावाच्या पाळीवर मासे पकडणारे लोक जाळी वाळवत होते. समुद्र नसलेल्या मुलखात एवढे भात-मासे खाणारे लोक राहतात हे पाहून मला फार धीर आला.

"मूलले कायले जाऊन राह्यले, बाबू?" किसनभाऊंनी विचारलं.

"पार्सल आणायला. आणि जेवायला."

"जेवाले? एटापल्लीहून मूलले जेवाले?" त्यांनी बैलांना थांबवून माझ्याकडे वळून पाहिलं. "कोणाच्या घरी लगन हाये?"

मी खाणावळीचं सांगितलं.

"मंगलभाऊची का? त्याच्या इथी नोका जाऊ, बाबू. मानूस देव हाये, पन थंडं देते."

"शिळं?"

"शिळं नाई. थंडं. सारं मूल म्हनते."

"तुम्ही जेवलात का तिथे?"

"मी काऊन जेवू? माघाच्या थंडीत थंडं खाऊन आजारी पडू का?"

कडी थंड असली तरी कडीच ना, असं म्हणून मनाची समजूत घातली.

मंगलभाऊची खाणावळ

स्टेशनवर पाती आली नव्हती. बाजारच्या दिवसापर्यंत येतील असं कळलं. म्हणजे तीन दिवस. धर्मशाळेत वळकटी टाकून मी खाणावळ शोधायला निघालो, आणि लांबूनच ती पाटी दिसली: 'येथे शीत-कडी मिळेल.'

मी रस्त्यातच उभा राहिलो. ती दोन अक्षरं आणि ती दोन अक्षरं वर्षभरात मी कुठे लिहिलेली पाहिली नव्हती. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली तेव्हा बाजूला झालो.

आत दोन बाकं, धुराने काळी झालेली भिंत, भिंतीवर मेरीमातेची तसबीर आणि तिला कागदाची फुलं. चुलीवर मातीचं कुंडलं. साठीचा एक बारीक माणूस पाट्यावर खोबरं वाटत होता. हा मिंगेल. गोव्याच्या बारदेशातला. एका साहेबाचा खानसामा म्हणून या जंगलात आला. साहेब विलायतेला गेला, हा राहिला. मूलच्या लोकांनी त्याचा मंगलभाऊ करून टाकला होता.

मी आमच्या बोलीत म्हणालो, "शीत आसा?"

त्याचा वरवंटा थांबला. "खंयचो तूं?" कुठला तू?

"तेरेखोलचो. सगुण म्हण नांव."

"पुता," म्हणजे पोरा, असं म्हणत तो उठला. त्याने हात धुतले आणि माझ्यासमोर पळसाची पत्रावळ मांडली.

भात वाफाळलेला होता. कडी तर उकळतीच. तलावातली मरळ होती, काटा कमी, गोडी जास्त. कोकम नव्हतं म्हणून चिंच. ओला नारळ या भागात देवाला फोडायलाच मिळतो, तोच वाटून घातलेला. चव तंतोतंत घरची नव्हती. चिंच जरा पुढे धावत होती. तरीही दुसऱ्या घासाला मला नाक पुसावं लागलं. तिखटाचं निमित्त बरं होतं.

मी तीनदा भात घेतला. मिंगेलबाब समोर बसून पाहत होता. आणि तेवढ्या वेळात दुसरं एकही गिऱ्हाईक आलं नाही.

मेरीमातेच्या तसबिरीखाली दोरीने बांधलेली ट्रंक होती. मी तिच्याकडे पाहिलं.

"बाजाराच्या दुसऱ्या दिवशी जातो," तो म्हणाला. "नागपूरला रेल्वेच्या भटारखान्यात काम मिळतंय. आठ महिने चूल पेटवली, सगुणा. स्टेशनचे दोन हमाल आणि वाट चुकलेले वाटसरू, एवढेच जेवले. हे भात खाणारे लोक, मासे खाणारे लोक. माझ्याच हाताला चव नाही असं दिसतं."

एका वर्षाने मला हे ताट मिळालं होतं आणि तीन दिवसांनी ते बंद होणार होतं. मी धर्मशाळेत परतलो ते खट्टू होऊनच.

पाटी वाचली

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा पानावर बसलो होतो. सुंदराबाई मासे घेऊन आल्या. तलावावर मासे धरणाऱ्यांच्या घरातल्या त्या. रोज सकाळी चूल पेटायच्या आधी मासोळी टाकून जात. त्या दिवशी जाळं उशिरा निघालं म्हणून दुपारी आल्या. टोपली खाली ठेवता ठेवता माझ्या पत्रावळीकडे पाहत राहिल्या.

"बाप्पा! हे त गरम हाये!"

"मग काय थंड असणार?" मिंगेलबाब म्हणाला.

"मले वाटे तुम्ही थंडं करून वाढता. तुमच्या देशाची रीत असन."

"कोणी सांगितलं?"

"सारे म्हनतेत. पाटीवर लिहिलं हाये म्हनतेत. मले वाचता येते का? ह्या बाबूले विचारा."

मी उष्ट्या हाताने बाहेर गेलो आणि मोठ्याने वाचलं, "येथे शीत-कडी मिळेल."

"हेच त! शीत म्हंजे थंडं ना? आन कढी. थंडी कढी!" त्या हसू लागल्या. "मंगलभाऊ, आठ महिने झाले, तुम्ही लोकायले बोलावून बोलावून थंडं ताक पाजून राह्यले!"

माझे कान तापले. मी ती पाटी तीनदा वाचली होती. किसनभाऊंनी वाटेत सांगितलं होतं. लालसूला तर 'शीत' म्हणजे काय हे मी स्वतः हाताने दाखवलं होतं. तरी मला उमगलं नाही, कारण मलाही शीत म्हटलं की वाफाळता भातच दिसतो. ही चूक भाताला शीत म्हणणाऱ्या माणसांनाच जमावी.

मिंगेलबाब मटकन बाकावर बसला. आधी हसला, मग रागावला. "शीत म्हणजे भात! माझ्या आईने मला शीतच वाढलं. मी नाही बदलणार."

"मंग बसा थंडं विकत," सुंदराबाई म्हणाल्या.

"बरं, नुस्त्याची कडी असं लिहू." नुस्तें म्हणजे आमच्याकडे मासे.

"नुसती कढी? म्हंजे मासोळी बी नाई?" त्यांनी कपाळाला हात लावला. "भाऊ, तुम्ही गप राहा. ह्या बाबूले लिहू द्या."

मी! दोन पावलं मागेच सरलो. मी सांगितलं की मला आकडेच येतात, शाळा चौथीत सुटली, एखादी काना-मात्रा चुकली तर आधीच्या पाटीहून वाईट होईल. "पैसे घेऊन रंगवणारा कोणी पाहा," असंही म्हणालो. पण मूलमध्ये पाट्या रंगवणारा नव्हता. पहिली पाटी नागपूरहून रंगवून आणलेली होती. आणि मिंगेलबाब ट्रंकेकडे पाहत होता. ते मला पाहवेना.

पाटी काढून उलटी केली. मागची बाजू कोरी होती. डेपोवरच्यासारखं डांबर इथे नव्हतं, म्हणून दिव्याची काजळी जवसाच्या तेलात खलली. जवस या जिल्ह्यात हवा तेवढा. अंगणातल्या शिंदीची काडी ठेचली. आधी कोळशाने जमिनीवर लिहून पाहिलं. 'गरम' सोपं. 'भात' सोपं. 'मासोळी'ची वेलांटी कोणती यावर मी घामाघूम झालो, मग मोठ्याने म्हणून पाहिलं आणि दीर्घ दिली. 'रस्सा'त स एक की दोन? पुन्हा म्हणून पाहिलं. जीभ दोनदा लागली. दोन दिले.

"रश्श्याच्या आंधी बी गरम लिहा," सुंदराबाई उभ्याने सांगत होत्या.

"एकदा लिहिलं आहे की."

"आठ महिन्याची थंडी हाये, बाबू. एका गरमनं नाई जायची."

अशी पाटी झाली: 'गरम भात. मासोळीचा गरम रस्सा.' ओंडक्यावर एकाशेजारी एक आकडे बसवतो तशी मी अक्षरं बसवली, गोल आणि सारखी. हात एकदाही कापला नाही. मिंगेलबाबने पाटी लांबून पाहिली, जवळून पाहिली आणि एवढंच म्हणाला, "बरी आसा." मग हळूच, "शीत गेलं."

मी खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं: 'याला आम्ही शीत-कडी म्हणतो.'

जवसाचं तेल लवकर वाळत नाही. बाजाराच्या दिवसापर्यंत पाटी उन्हात ठेवली आणि कोंबड्यांपासून राखली. तरी एक कोंबडी 'भात'वरून चालत गेलीच. तिची पावलं अजून तिथे आहेत.

बाजाराचा दिवस

बाजारच्या दिवशी सकाळी मी पाटी तारेने टांगली आणि खिशातून सोलांची डबी काढून मिंगेलबाबच्या हातात दिली. त्याने झाकण उघडलं, वास घेतला आणि डोळे मिटले.

"सगळी?" त्याने विचारलं.

"सगळी."

दहा वाजेपर्यंत कोणी आलं नाही. बाजार भरला होता. मिरच्यांचे ढीग, बांबूच्या टोपल्या, धानाच्या गाड्या. लोक समोरून जात होते. मी पाटीखाली उभा राहून प्रत्येकाचं तोंड न्याहाळत होतो आणि मनात 'मासोळी'ची वेलांटी पुन्हा पुन्हा तपासत होतो. मग काळी टोपी घातलेले एक गृहस्थ थांबले. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "गरम भात. मासोळीचा गरम रस्सा." कुठे अडखळले नाहीत. एकदाही नाही! गुरुजींनी वर धरलेली माझी शाळेतली पाटी त्या क्षणी कायमची खाली आली.

"याला आम्ही शीत-कडी म्हणतो," त्यांनी बारीक ओळही वाचली आणि गडगडून हसले. "असं होय! अहो, आठ महिने मी या दारावरून जातोय!"

ते आत गेले. त्यांच्यामागे त्यांचा भाऊ. मग किसनभाऊ आले, धान भरडून झालेलं. "गरम हाये का खरंच, बाबू?" त्यांनी रश्श्यात बोट घातलं आणि झटकन काढलं. "अगा माय!" त्यानंतर ते जेवले, म्हणजे जेवतच राहिले.

"मंगलभाऊ, यात सांबार नाई टाकलं का?"

"सांबार मद्राशाकडे मिळतं," मिंगेलबाब जरा फुरंगटून म्हणाला.

"कोथिंबीर मागून राह्यला थो!" सुंदराबाई ओरडल्या. त्या एव्हाना पत्रावळी मांडायला बसल्या होत्या. सारी खाणावळ हसली. मिंगेलबाबही हसला, आणि मी त्याला पहिल्यांदाच मोकळेपणाने हसताना पाहिलं. पुढच्या कुंडल्यात मूठभर सांबार पडलं.

दुपारी बाकं भरून लोक ओसरीवर बसले. मरळ संपली, सुंदराबाईंनी तलावावर निरोप पाठवून दुसरी टोपली आणवली. भात तिसऱ्यांदा शिजला. मी पाणी वाढत होतो. इतक्यात बाजाराच्या बाजूने वारा सुटला, आणि बाहेर कोणीतरी वाचलेलं ऐकू आलं: "येथे शीत-कडी मिळेल."

पाटी उलटली होती! एकाच तारेवर टांगलेली. दोन्ही बाजूंना अक्षरं. दारात पाच-सहा जण उभे होते आणि त्यांतला एक म्हणत होता, "चाल रे, इथी थंडं हाये."

माझ्या हातून तांब्या पडला. मी दोरी शोधू लागलो. पाटी घट्ट बांधायला हवी, आत्ताच्या आत्ता. मिंगेलबाब चुलीपासून धावला, ट्रंकेची दोरी त्याने सोडली आणि माझ्या हातात दिली. मी दाराकडे पळालो.

पण माझ्या आधी किसनभाऊ दारात पोचले होते, उष्ट्या हाताने, मिशीला रस्सा लागलेला. "अबे, कुठी चालले?" ते ओरडले. "या ना बाप्पा! इथी शीत म्हंजे गरम!"

आतून काळ्या टोपीवाल्यांचा आवाज आला, "मंगलभाऊ, आणखी एक शीत इकडे, चांगलं ऊन!" आणि ते सहाही जण आत शिरले.

मी दोरी हातात घेऊन पाटीखाली उभा राहिलो. वाऱ्याने ती फिरत होती. एकदा माझी अक्षरं, एकदा त्याची. मी ती बांधली नाही.

परत

दुसऱ्या दिवशी पाती आली. वेष्टण वाटेत फाटलं होतं, पात्यांचे दात बाहेर आले होते. किसनभाऊंच्या गाडीत ती तशीच टाकली तर बैलांना लागतील, या काळजीने मी स्टेशनबाहेर घुटमळत होतो. मिंगेलबाब निरोप द्यायला आला होता. खरं तर त्याच सकाळच्या गाडीने तो नागपूरला जायचा होता. गाडी येऊन गेली आणि आम्ही दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही.

त्याने सोलांची डबी परत दिली. आत वाळवलेली मरळ भरली होती, लालसूसाठी आणि माझ्यासाठी. मग त्याने खांद्यावरची दोरी काढली आणि स्वतःच पाती गोणपाटात गुंडाळून करकचून बांधली.

"बाब, ही तर तुमच्या ट्रंकेची," मी म्हणालो.

"ने पुता," तो गाठ मारता मारता म्हणाला. "ट्रंकेत मी तांदूळ भरलेत. ती आता उघडीच बरी."